शेंदराची बोटं

घराच्या रंगकामाची यादी घेऊन काल जालन्याला गेले. मुलांच्या खोलीसाठी शिसं नसलेला रंग मागितला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, रंगाचं काय घेऊन बसलात? देवाच्या शेंदरातही शिसं असतं." त्याने रंगाचा डबा उघडला आणि तेलाच्या वासासरशी मी तीर्थपुरीच्या आमच्या अंगणात पोहोचले.

शनिवारची सकाळ होती. अंगणातल्या मारुतीला पोरीबाळींनी हात लावायचा नाही, म्हणून तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी धाकट्या भावाच्या, बापूच्या हातात. त्याची केशरी बोटं दगडावरून सावकाश फिरत होती आणि मी पायरीवर बसून पेन्सिल चावत होते. "शिसपेन्सिल तोंडात घालू नको, शिसं पोटात जाईल!" आई ओरडली. बापूने त्याच बोटांनी गूळखोबरं खाल्लं आणि मला दाखवून दाखवून बोटं चाटली. त्याला कोणी काही बोललं नाही. मला गूळखोबरं नको होतं, ती बोटं हवी होती.

पेन्सिलीत शिसं नसतंच, हे फार उशिरा कळलं.

घरी येताच बापूला फोन लावला. "आता शेंदूर कोण लावतं रे?"

"आमची चिमी. दुसऱ्या कुणाला वाटीला हातच लावू देत न्हाई."

आठ वर्षांची पोर, आणि तिला मारुती मिळाला! मी त्याला शिशाचं सगळं सांगितलं.

तो हसला. "अक्का, तू अजून जळून राह्यली का?"

"जळून राह्यले," मी म्हणाले. "पण तू आधी तिचे हात धुव."