ग्वाल्हेरचा राजीनामा

श्रीरंगदादाचा मेसेज आला आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. ग्वाल्हेरला जन्मला, तिथेच इंजिनिअर झाला. शहरातली सगळ्यात उंच इमारत बांधणाऱ्या बिल्डरकडे तो कामाला होता. मेसेज एवढाच होता: ‘राजीनामा झाला. आता डोक्याला ताप नाही. ये इकडे.’

मागची हकीकत सांगायला हवी. स्लॅब घालताना त्याच काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. चौथ्या मजल्याच्या कॉलमचे ठोकळे हवे त्यापेक्षा कमी दाबालाच फुटले, म्हणजे काँक्रीट कच्चं. ते कॉलम मजबूत केल्याशिवाय वर चढू नका, असं दादाने मालकाला आणि परवानगी देणाऱ्या कचेरीला लेखी कळवलं. मालकाला दिवाळीत बुकिंग उघडायचं होतं. त्याने दादाला घरी बसवलं आणि वर बदनामीचा खटला भरला. म्हणून तो मेसेज वाचून मला भरून आलं. ‘दिला’ऐवजी ‘झाला’ लिहिलंय, याकडे मी लक्ष दिलं नाही. ग्वाल्हेरचं मराठी तसंही हिंदीच्या कलाने चालतं. ‘आपल्या घरात कणा असलेला एक तरी माणूस निघाला,’ असं घरच्या ग्रुपवर टाकून मी मोकळी झाले.

पुण्याहून थेट गाडी आहे, जवळजवळ अख्खा दिवस खाते. जानेवारीत जाणार असाल तर धुक्यामुळे वर पाच-सहा तास धरून चला आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. स्टेशनवरून महाराज बाड्यापर्यंत, म्हणजे जुन्या बाजारातल्या मोठ्या चौकापर्यंत, वाटणीची ई-रिक्षा मिळते. एकटीने केलीत तर भाडं आधी ठरवा. दादाचं घर इंदरगंजच्या मागच्या गल्लीत आहे. मीनावहिनीने दारातच गरम पाण्याची पिशवी हातात दिली. दादा हसला, पण माझ्या नजरेला नजर देईना. प्रवासाच्या शिणामुळे मलाच तसं वाटत असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाड्यावर बेडई आणि जिलबी खाल्ली. बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली जाड पुरी, सोबत तिखटजाळ बटाट्याची भाजी. दहाच्या आत पोचा, नंतर गार मिळते. तिथून आम्ही दोघं किल्ल्यावर गेलो. हजीरा वस्तीच्या बाजूने पायी चढता येतं. गाडीने यायचं तर उरवाई दरवाजा. मानमंदिर महालाच्या भिंतीवरची निळी-पिवळी बदकं धुक्यात मळकट दिसत होती. मला त्यांचं कौतुक होतं, पण त्या दिवशी काही केल्या मन लागलं नाही.

अकराच्या सुमाराला धुकं जरा विरलं. तटावरून शहर दिसू लागलं आणि त्या सगळ्या बुटक्या गच्च्यांच्या मधोमध एक राखाडी सांगाडा. वर क्रेन फिरत होती. ‘किल्ल्याच्या तोडीची उंची’ अशी दादाच्या त्या इमारतीची जाहिरात मी येताना वाचली होती. मी दादाच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, राजीनामा दिलास ते फार चांगलं केलंस.

दादा क्रेनकडे बघतच बोलला.

“शुभा, मी नोकरी नाही सोडली. राजीनामा म्हणजे इकडे समझौता. कोर्टात झाला. त्यांनी केस मागे घेतली, मी चिट्ठी मागे घेतली. सोमवारपासून साइटवर जातोय.”

“आणि ते कॉलम?”

“तसेच आहेत. वर सात स्लॅब झालेत.”

मला त्याचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. मग तो म्हणाला, “ग्रुपवरचा तुझा मेसेज वाचला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दोन दिवस परत परत वाचत राहिलो. बरं वाटत होतं, म्हणून राहू दिला.” मला रडू आलं. तिकीटखिडकीपाशी सहलीला आलेली पोरं फोटो काढत होती. आम्ही खाली उतरलो.

जेवताना वहिनीने स्वतःहूनच विषय काढला. “शुभाताई, सही करा असं मीच म्हटलं. खटला चालू आहे तोवर कोणी दुसरा यांना कामाला ठेवेना. घरात बसून बसून यांचं बोलणंच बंद झालं होतं.” मी मान हलवली. तिच्या जागी मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

निघताना दादाने माझ्याकडून शब्द घेतला, इमारतीचं नाव कुठेही लिहायचं नाही. बाहेर काही फुटलं तर मालक पुन्हा खटला भरणार, हे समझौत्यातच लिहिलंय. मी शब्द दिला. गाडीत बसायच्या आधी गजक घेतली. तिळगुळाची ती पातळ वडी ताजीच घ्या, घरी येईपर्यंत टिकते.

पुण्याला येऊन आठवडा झाला. काल माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर एका वाचकाने विचारलं, ग्वाल्हेरला बदली झालीय, आईला घेऊन जायचंय, अमुक टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर फ्लॅट बघतोय, कसं वाटतं? टॉवर तोच. मी उत्तर चार वेळा लिहिलं आणि खोडलं. दादाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि त्या आईला तर मी कधी पाहिलेलंच नाही.

शेवटी मी लिहिलं, “परिसर चांगला आहे. बाजार जवळ आहे.”