दिसतंय की वाटतंय

चष्मा कपाळावर सरकवायचा, कॅमेऱ्याचा पडदा नाकापाशी आणायचा आणि शेजारी उभं असेल त्याला विचारायचं, "दिसतंय की वाटतंय?" काका म्हटलं की मला आधी हे आठवतं. त्यांचं नाव मी सांगत नाही. ख्राइस्टचर्चमधल्या मराठी मंडळींना ते सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

मी तिथे शिकायला गेले होते. भूकंपानंतर शहरात इंजिनियर कमी आणि तडे जास्त झाले, तेव्हा शिक्षण संपल्या संपल्या इमारतींच्या पाहणीच्या कामाला लागले. काका त्याच ऑफिसात होते, मूळचे ठाण्याचे, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते निघेना. 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघत, कुठला सर आला म्हणून. शेवटी मी नुसत्या 'अहो'वर भागवू लागले. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तर काकू वाढता वाढता म्हणाल्या, "अगं, अहो मी म्हणते. तू काका म्हण." तेव्हापासून ते काका. ते मला इंजिनियरबाई म्हणत, आणि माझं चुकलं की नुसतं बाई.

त्या कामाने माणूस दमायचा, पण हातांनी नाही. रोज कुणाचं तरी मोडलेलं घर, मोडलेलं दुकान. रस्ते अडवायला ठेवलेले प्लॅस्टिकचे केशरी कोन दर आठवड्याला जागा बदलत आणि कालचा रस्ता आज बंद असे. धोक्याच्या इमारतीभोवती कुंपण असायचं, आत जाता येत नसे. काका कुंपणाबाहेरून त्यांचा लांब झूमचा कॅमेरा लावायचे, तिसऱ्या मजल्यावरच्या विटांचा फोटो घ्यायचे आणि पडद्यावर मोठा करून मला दाखवायचे.

"काय दिसतंय?"

"भिंत हललीय."

"ते वाटतंय. दिसतंय काय?"

"खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेलाय. पायऱ्या पायऱ्यांनी वर."

"हं. दिसतंय तेवढं लिही. वाटतंय ते चहाच्या वेळी बोलू."

एकदा मी एक लांबलचक उभी फट तडा म्हणून लिहून टाकली. त्यांनी फोटो पुन्हा उघडला. "बाई, तडा कधी एवढा सरळ जातो का? ही बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली फट आहे. सरळ रेघ दिसली की समजायचं, इथे माणूस आहे." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. ते कुठे उपयोगी पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

आता शिकारीचं. काका शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नसे. पण आमच्याकडचा ग्रेग नावाचा तंत्रज्ञ एकदा त्यांना डोंगरावर घेऊन गेला आणि काकांना त्याची गोडी लागली. बंदूक ग्रेगची. काकांचं काम हरीण शोधून दाखवायचं. "मी मारत नाही, मी फक्त दाखवतो," असं ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मग पापातला अर्धा वाटा दाखवणाऱ्याचा." काका त्यावर पोळी मोडत बसायचे.

ग्रेगकडे तीन पायांवर उभी करायची एका डोळ्याची भारी दुर्बीण होती. काका तिला हात लावत नसत, आपला ऑफिसातला कॅमेराच नेत. ग्रेग चेष्टा करायचा, "मेट, हा कॅमेरा लग्नातला आहे." काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुर्बीण एकट्याची. फोटो चौघांचा. तुझ्या दुर्बिणीत तू काय पाहिलंस ते मला कसं कळणार?" आणि खरंच, पलीकडच्या उतारावर तपकिरी ठिपका दिसला की दोघं फोटो मोठा करून त्यावर भांडत बसायचे, झुडूप की हरीण, नर की मादी. थंडीत बॅटरी मान टाकायची, म्हणून जादाची बॅटरी काका बनियनच्या आत ठेवत. कॅमेरा दगडावर हलू नये म्हणून काकूंनी जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून त्यात तांदूळ भरून दिले होते. एकदा नदीला पाणी आलं आणि दोघं दोन दिवस डोंगरातल्या झोपडीत अडकले. दुसऱ्या दिवशी काकांनी पिशवी उसवली आणि भात टाकला. त्यानंतर ग्रेग ऑफिसात येईल त्याला सांगायचा, या माणसाने आपला ट्रायपॉड खाल्ला.

मधल्या काही गोष्टी मी पाहिल्या होत्या. तुम्ही असता तर तुम्हीही पाहिल्या असत्या आणि माझ्याइतकाच चुकीचा अर्थ लावला असता. काकांनी गाडी चालवणं सोडलं. "रोज कोन हलवतात, मला कंटाळा आलाय, तू ने." मी नेऊ लागले. चहा ओतताना ते कपाच्या कडेला बोट लावून ठेवत. आणि 'दिसतंय की वाटतंय' आता दिवसातून शंभरदा विचारत. मला वाटलं, वय झालं की मास्तरकी वाढते.

मग तो एप्रिल आला. एप्रिलमध्ये तिथे नर हरणं ओरडतात आणि अर्धं शहर त्यांच्यामागे डोंगरात जातं. काका म्हणाले, "इंजिनियरबाई, या खेपेला तू चल." मला जायचं नव्हतं. आठवडाभर मी घरमालकांची गाऱ्हाणी ऐकली होती आणि मला फक्त झोपायचं होतं. पण काकांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

दिवसभर चाललो. माझ्या टाचेला फोड आला होता. उन्हं कलायला लागली तेव्हा नदीपलीकडच्या काटेरी झुडपांत काहीतरी तपकिरी दिसलं. ग्रेगने दुर्बीण लावली, पण तिच्यात समोरून सूर्य येत होता. काकांनी पिशवी दगडाच्या सावलीत ठेवली, कॅमेरा तिच्यात रुतवला, फोटो घेतला, मोठा केला आणि पडदा माझ्यापुढे धरला.

"काय दिसतंय?"

"हरीण. बसलंय."

"दिसतंय की वाटतंय?"

मला राग आला. डोंगरावरसुद्धा परीक्षा. "दिसतंय," मी म्हटलं.

ग्रेगने बंदूक उचलली आणि तो नदीच्या बाजूने खाली उतरायला लागला. स्वतः पाहिल्याशिवाय तो गोळी झाडणारा माणूस नव्हता, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. पण खालून त्याला झुडपांच्या वर तपकिरी पाठ तेवढी दिसणार होती, आणि माझं 'दिसतंय' त्याच्या कानात होतं.

काका मात्र फोटो घेतच राहिले. एक, दोन, पाच. मग माझं मनगट धरून म्हणाले, "मला मान दाखव. कुठे आहे मान?"

"असेल ना काका, झुडपामागे."

"असेल नको. दाखव."

मी मान शोधू लागले. मान नव्हती. तपकिरी पाठीवर दोन काळ्या रेघा होत्या, वरून खाली, अगदी सरळ. त्या रेघांकडे मी बघत राहिले.

"काका, पट्टे आहेत. सॅकवरचे पट्टे. माणूस आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वॉकीटॉकी आधीच तोंडाशी होता. "ग्रेग, परत ये. तो माणूस आहे. बंदुकीचा बोल्ट काढ आणि परत ये." बराच वेळ नुसती खरखर. मग ग्रेगचा आवाज आला, "चिअर्स, मेट." तिथे आभार मानतानाही चिअर्सच म्हणतात, पण आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. थोड्या वेळाने पलीकडचा तपकिरी जाकीटवाला उठला, मांडीवरची केशरी टोपी डोक्यावर घातली आणि आपल्या वाटेने निघून गेला. आम्ही कोण, त्याला पत्ता नव्हता.

ग्रेग येईपर्यंत मी रडत होते. काका शेजारी बसले. मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्याच फोटोत कळलं होतं ना? मग मला का विचारलंत?"

"मला काही कळलं नव्हतं," ते म्हणाले. "मला दिसलंच नाही. वर्षभर मधलं दिसत नाही मला. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार."

"मग थांबवलंत कशावरून?"

"तू चिडून दिसतंय म्हणालीस. चिडलं की माणसाला वाटायला लागतं."

परतीच्या वाटेवर मी पुढे पुढे चालत राहिले. माझ्या चुकीची लाज वाटत होती आणि त्यांचा भयंकर राग येत होता. वर्षभर मी त्यांची विद्यार्थिनी आहे असं समजत होते आणि मी होते त्यांचे डोळे. मला न विचारता. शिकवण्यासाठी विचारणं कधी थांबलं आणि गरजेपोटी विचारणं कधी सुरू झालं, मला समजलं नव्हतं.

सोमवारी ते सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले आणि यापुढे आपण पाहणीवर सही करणार नाही म्हणून सांगितलं. मागच्या वर्षभराचे रिपोर्ट त्यांनी स्वतःच तपासायला काढले. मॅनेजरने ते मला दिले. प्रत्येक पानावर 'पाहणी' या शब्दापुढे काकांनी माझं नाव लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून, एकही पान न चुकता. जे मी पाहिलं तेवढंच लिहिलं होतं आणि एकाही ओळीत 'वाटतं' नव्हतं. मी तीन आठवडे सगळे फोटो पुन्हा पाहिले. दुरुस्त करावं असं काही सापडलं नाही. माझा राग तिथे कमी झाला, पण पूर्ण गेला असं म्हणवत नाही. काकांनी मला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी डोंगरावर नीट बघितलं असतं.

त्यांची मुलगी पामर्स्टन नॉर्थ नावाच्या गावी हॉस्पिटलात नोकरीला आहे. काका-काकू तिच्याकडे जायचे ठरले. निघायच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले, तेव्हा घरासमोर सामान गाडीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "थांब, तुझा एक काढतो." कॅमेरा डोळ्यांपुढे धरून त्यांनी बराच वेळ घेतला. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. तांदळाची पिशवीपण दिली. "हीप्स तांदूळ आहे, भरपूर," ग्रेगच्या ढंगात म्हणाले. "अडकलीस तर खा."

अजून अधूनमधून त्यांचा फोन येतो. मुलगी लावून देते, इंग्रजीत दोन शब्द बोलते आणि त्यांच्याकडे देते. ते विचारतात, डोंगरावर बर्फ दिसतो का. मी खिडकीशी जाऊन बघते आणि दिसतं तेवढं सांगते. ऑफिसात आता माझ्याबरोबर पाहणीला कुणी येत नाही. मी एकटीच फोटो मोठा करते आणि कुणी विचारलं नाही तरी स्वतःला विचारते. दमून गेलेल्या दिवशी तर दोनदा विचारते.

तो फोटो मी बरेच दिवस उघडला नव्हता. काढताना त्यांचा नेम चुकला असणार, असंच मी धरून चालले होते. फोटोच्या मधोमध रस्त्यावरचा केशरी कोन आहे, त्यामागे कुंपण आणि पुष्कळ आभाळ. मी अगदी डाव्या कडेला आहे, अर्धा चेहरा आणि एक खांदा. फोटो जरासुद्धा हललेला नाही आणि माझी पापणी न् पापणी मोजता येते. काकांना जिथे दिसत होतं, तिथे त्यांनी मला उभं केलं होतं.