दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी सिस्टिम

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या अंगाला, मी बरीच वर्षं मराठी टायपिंग केलं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, बारशाची कार्डं आणि विद्यापीठात द्यायचे प्रबंध. पत्त्याखाली तेव्हा आम्ही औरंगाबाद टाइप करायचो. दुकानात चार कॉम्प्युटर होते, माझ्याखेरीज टायपिंगला आणखी दोघीजणी होत्या, आणि मालक होते. मालकांना टायपिंग येत नव्हतं. त्यांना मत होतं, आणि ते जगातल्या प्रत्येक बाबतीत होतं.

आमचं सगळं काम एका जुन्या मराठी प्रोग्रॅमवर चालायचं. कॉम्प्युटरच्या मागं अंगठ्याएवढं एक लॉक खोचलेलं असायचं. ते सापडलं तरच हा प्रोग्रॅम उघडायचा, नाहीतर तोंड फिरवून बसायचा. जुना होता, खाष्ट होता, पण जोडाक्षरं अशी देखणी काढायचा की विद्यापीठातले गाईडसुद्धा बोट ठेवायला जागा शोधत बसायचे. त्याची एकच अट होती. ज्या सिस्टिमवर त्याचा जन्म झाला, ती बदलायची नाही.

आणि नेमकी तीच बदलायची टूम निघाली. पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी येऊ लागली. नवी सिस्टिम आली आहे, फुकट आहे, आत्ताच घ्या. मालकांनी त्यातला ‘फुकट’ हा शब्द वाचला. त्याच्या खाली आणखी बरंच काही लिहिलेलं होतं, पण मालक फुकटच्या खाली कधी वाचत नसत.

मग बोळात खल सुरू झाला. आमच्याकडं कोणताही निर्णय चहाशिवाय आणि दहा जणांना विचारल्याशिवाय होत नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, नवीन आलं की घ्यावं, मागं राहू नये. बायंडिंगवाला म्हणाला, त्याच्या साडूनं घेतलं, लई फास्ट झालं. साडू त्यावर काय करतो हे कुणी विचारलं नाही. तो पत्ते खेळत होता, हे मला मागाहून कळलं. कॉम्प्युटर बंद करायचा म्हणजे भिंतीवरचं बटण खाली करायचं, एवढंच ज्यांचं शिक्षण, त्यांनीही आपापला कौल दिला.

वेगळं बोलले ते फक्त शेजारचे चाचा. त्यांचं छोटं दुकान आमच्या भिंतीला लागून होतं. एकाच पत्रिकेवर एका बाजूला उर्दू आणि दुसऱ्या बाजूला मराठी, असं काम ते करायचे, आणि मराठीसाठी त्यांच्याकडं आमचाच प्रोग्रॅम होता. त्यांच्याही पडद्यावर ती खिडकी यायची. चाचा ‘नंतर’ दाबायचे आणि पान लावायला घ्यायचे.

“मेरेकू जल्दी नक्को,” ते म्हणायचे. “पहले लोगां करके देख लेंगे, फिर अपन.”

हे ऐकून चाचांना फार शहाणं समजायचं कारण नाही. गळकं छत, हलणारा दात, दुकानाची पडलेली पाटी, सगळ्यालाच त्यांचं ‘बाद में’ लागू होतं. सिस्टिमची छोटी छोटी दुरुस्तीसुद्धा त्यांनी कधी होऊ दिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसचं गोकुळ नांदत होतं. तिथं लावलेला पेनड्राइव्ह मी आमच्याकडं कधी लावू देत नसे.

मालकांना मी साधं सांगितलं होतं. आधी एकाच मशीनवर घ्या. त्यावर आपला प्रोग्रॅम उघडतो का, लॉक चालतं का, प्रिंट नीट येते का, ते थोडे दिवस बघू. बाकीची तीन आहे तशी राहू द्या. आणि घ्यायचंच तर हातातला प्रबंध जाऊ द्या, मग घ्या.

मालक हसले. “ताई, मुहूर्त एकच असतो. एका मशीनला दिला आन् बाकीच्यांना नाय, असं कसं? दिवाळीला घरात चार पोरं असली तर एकालाच कपडे घेतो का आपण?”

कॉम्प्युटर ही त्यांची पोरं होती आणि मी पगारी बाई होते.

दसऱ्याला दुकानात पूजा झाली. पडद्यांना झेंडूचे हार, कीबोर्डवर हळदकुंकू, माऊसच्या पाठीवर गंध. ज्या कीबोर्डवर एरवी मी चहाचा कप टेकवला तरी मालक ओरडायचे, त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं अक्षता सोडल्या. दुपारी विजय मुहूर्ताला चारही मशीनं एकदमच लागली पाहिजेत म्हणून त्यांनी झेरॉक्सवाल्याला, बायंडिंगवाल्याला आणि मलाही एकेका माऊसपाशी उभं केलं. मी हात मागं बांधले. माझ्या जागी चहावाला आला. मालकांनी नारळ फोडला, आकडे मोजले आणि चौघांनी एकदमच होकार दाबला. टाळ्यासुद्धा वाजल्या. मला राग येत होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही गिळून मी प्रसादाचं खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर चारही पडदे नव्या नवरीसारखे झगमगत होते. प्रोग्रॅम मात्र उघडेना. त्याला लॉक दिसत नव्हतं. मालक म्हणाले, काढून पुन्हा लावा. मग म्हणाले, फुंकून लावा. झेरॉक्सवाल्यानं ते सदऱ्याला पुसून लावलं. लॉकची जेवढी सेवा त्या सकाळी झाली तेवढी त्याच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. चारही ठिकाणी उत्तर एकच. फाइली जागच्या जागी होत्या, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की मराठीच्या जागी नुसते चौकोन, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी.

ह्या खिचडीत एका बाईचा प्रबंध होता.

ती फुलंब्रीहून यायची. शहरातल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची आणि तालुक्यातल्या आठवडी बाजारांवर संशोधन करत होती. तिचे गाईड शेवटचं प्रकरण उन्हाळ्यापासून दाबून बसले होते. दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी ते परत दिलं, पानापानावर तांबड्या शाईनं, आणि बदल काय, तर ‘म्हणून’ काढून ‘त्यामुळे’ घाला. तिची मुदत आधीच एकदा वाढवून झाली होती. सोमवारी प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा तेच गाईड. कायमच्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती, आणि प्रबंध सादर झाल्याशिवाय तिथं तिला कुणी उभं करणार नव्हतं. एवढं असून ती बाई सगळ्यांना ‘चालेल’ म्हणायची. गाईडना चालेल, सासरच्यांना चालेल, आमच्या मालकांनाही चालेल. मला तिचा कधीकधी संताप यायचा.

ती आली, दुरुस्तीची पानं काढून बसली, आणि मी तिला पडदा दाखवला. तिचा चेहरा उतरला.

वाट एक होती, आणि सोपी होती. नव्या सिस्टिममध्येच, आत कुठंतरी, जुन्यावर परत जायचं बटण दिलेलं होतं. थोड्या दिवसांची मुदत होती. मी ते शोधून काढलं आणि मालकांना दाखवलं. म्हटलं, एका मशीनवर तरी मागं जाऊ द्या, संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम उघडेल.

मालकांनी कानाला हात लावला. “दसऱ्याला सीमोल्लंघन केलंय ताई. पुढं टाकलेलं पाऊल मागं घेत नसतात. धंद्याला बाधतं.”

“अहो, सीमोल्लंघनाला गेलेले लोक सोनं लुटून घरी परत येतातच की,” मी म्हटलं. “का तिकडंच मुक्काम ठोकतात?”

“तसं नाय. दिवाळीच्या पाडव्याला बघू. तवर मॅडमचं नव्या फाँटमध्ये फिरून टाइप करून टाका.”

आख्खा प्रबंध. सोमवारच्या आत. हे त्यांनी, दोन भजी जास्त तळा, अशा सुरात सांगितलं.

मी बाईकडं पाहिलं. ती नेहमीचा शब्द म्हणणार असं वाटलं. पण तिनं तांबड्या शाईची पानं पिशवीत भरली आणि उठून उभी राहिली. मी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी तिच्याच ईमेलवर पाठवली, आणि तिला घेऊन चाचांकडं गेले.

चाचांनी काही विचारलं नाही. “हौ बेटी, बैठो,” म्हणाले, आणि पानाचं तबक उचलून खुर्ची रिकामी केली. प्रोग्रॅम उघडला. पहिलं पान उघडलं. आठवडी बाजार, फुलंब्री तालुका, जोडाक्षरांसकट. बाई तोंडावर पदर घेऊन रडली. मी दुरुस्त्या करायला लागले आणि ती शेजारी बसून एकेक ओळ वाचू लागली.

बातमी बोळात पोचायला कितीसा वेळ लागतो! झेरॉक्सवाला आला, बायंडिंगवाला आला, त्यांच्यामागं मालकही आले आणि ही युक्ती त्यांनीच सुचवल्यासारखे दारात उभे राहिले. तेवढ्यात पडद्यावर ती खिडकी आली. पण आता तिचा सूर बदललेला होता. आजवर ती विचारत होती, आज ती सांगत होती. थोड्या वेळात हा कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर जाईल. आणि खाली वेळ उलटी पळू लागली.

चाचा चरकले. “अरे, इसमें बाद में का बटन किधर गया?”

“फुली दाबा, वरची फुली!” झेरॉक्सवाला ओरडला.

“नाय, सरळ भिंतीवरचं बटण बंद करा,” बायंडिंगवाला म्हणाला.

“हो म्हणून टाका,” मालक म्हणाले. “लई चांगली सिस्टिम हाय. आमच्याकडं काय अडचण हाय का?”

मी मालकांकडं पाहिलं. माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. झेरॉक्सवाला तर पुढं वाकून फुलीकडं हात नेऊही लागला.

बाईनं त्याचा हात धरला आणि बाजूला केला. “कुणी काही दाबायचं नाय,” ती म्हणाली. मग तिनं पडद्याला नाक लावून ते बारीक इंग्रजी वाचलं, आम्हाला मराठीत सांगत सांगत. फुलीनं खिडकी बंद केली तर तुमचा होकार आहे असं धरलं जाईल. वेळ बदलायची असेल तर इथं दाबा. हे ‘इथं’ म्हणजे मुंगीएवढी निळी अक्षरं होती. तिनं ती दाबली आणि पुढच्या आठवड्यातला वार टाकला. खिडकी गेली.

मग ती वळली. “आता सगळे बाहेर व्हा.”

“मॅडम, मी तर—” मालक म्हणाले.

“काका, तुम्ही आधी.”

ते गेले. चाचांनी इंटरनेटची वायर काढून खिशात घातली, दार ओढून घेतलं आणि स्वतःच्याच दुकानाबाहेर स्टूल टाकून बसले. आम्ही दुरुस्त्या संपवल्या आणि तिथंच प्रिंट काढली. सोमवारी प्रबंध बांधून विद्यापीठात गेला.

मालकांनी पाडव्यापर्यंत दम धरला. पाडव्याला हार घालून, नारळ फोडून मला म्हणाले, “ताई, आता जाऊ मागं.” मी आत जाऊन पाहिलं, तर परत जायचं बटण मुदत संपून नाहीसं झालेलं होतं. त्या मोसमातल्या निम्म्या पत्रिका चाचांकडं गेल्या. त्याबद्दल मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी तिची तोंडी परीक्षा झाली आणि ती पेढे घेऊन दुकानात आली. आता डॉक्टर होती, नोकरीही लागली होती. आधी चाचांना देऊन आली, मग मला, मग मालकांना. मालकांनी पेढ्याचा मोठा घास घेतला आणि खुशीत विचारलं, “मॅडम, ऋणनिर्देशात आमचं नाव हाय ना? कच्च्या प्रतीत मी बघितलं होतं.”

“होतं,” ती म्हणाली. “तुम्ही मागं फिरायला नाय म्हणालात ना, त्या दिवशी काढलं.”

मालकांच्या हातात उरलेला अर्धा पेढा होता. तो त्यांना खाता येईना आणि खाली ठेवता येईना. मी दुसरा घेतला.