वजन तेवढंच होतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "सुमा, हे उठत नाहीयेत गं…" एवढंच बोलली. मी वर्तकनगरहून शहाडला पोचेपर्यंत सगळं संपलेलं. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. वर्षभर या माणसाला 'तपासून घे, तपासून घे' म्हणून मी घसा कोरडा केला होता!

माझा दादा फौजेत सुभेदार होता. आडव्या बांध्याचा, मांड्या अशा की दुकानात तयार पँट मिळायची नाही. पाठीवर बोजा घेऊन पळण्यात पलटणीत सगळ्यांच्या पुढे, पण वार्षिक तपासणीत काटा त्याला दरवेळी जाडा ठरवायचा. उंचीच्या मानाने वजन जास्त, बस्स! एकदा बढती अडकेल म्हणून पठ्ठ्याने आठवडाभर नुसती काकडी खाल्ली, पाणीसुद्धा जेमतेम प्यायला, भर उन्हात रेनकोट घालून पळाला. वजन बसलं. दुसऱ्या दिवशी पळण्याची परीक्षा, तर हा अर्ध्यातच चक्कर येऊन पडला. सुट्टीवर आला की हे सांगताना नुसता फणफणायचा. "अगं, काट्याला काय कळतं? चरबी काय नि ताकद काय, त्याला सगळं सारखंच! कंबर मोजा, पळवून बघा ना माणसाला!" आम्हा सगळ्यांना तोंडपाठ झालेलं ते.

आणि हाच माणूस रिटायर झाल्यावर काट्याचा भक्त झाला! वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागला. दिवसभर खुर्ची, चहा, भजी. पळणं सुटलं, दंड सुकले, पोट सुटलं… इकडचं गेलं ते तिकडे भरलं, त्यामुळे वजन जिथल्या तिथे. मी काही बोलले की हा लगेच काट्यावर उभा. "बघ, फौजेत होतो तेवढाच आहे." आमच्याकडे येताना तीन मजल्यांत धापा टाकत थांबायचा आणि वर सोसायटीलाच बोल लावायचा, पायऱ्या उंच बांधल्यात म्हणून.

"दादा, काट्याला काही कळत नाही असं तूच म्हणायचास ना?"

"ते फौजेतलं, सुमे. तू चहा टाक."

काय बोलणार अशा माणसाशी? मी डॉक्टरची वेळ घेतली की त्याच दिवशी साहेबांना ड्यूटी निघायची. शेवटी मी रागाने विषयच सोडला, तर स्वतःच विचारतो, "काय गं, बोलत का नाहीस?"

परवा कपडे आवरायला वहिनीने बोलावलं. दारामागच्या खुंटीवर त्याचा रोजचा चामड्याचा पट्टा होता. मूळच्या भोकांपुढे खिळ्याने पाडलेली वेडीवाकडी भोकं, एकापुढे एक, पार टोकापर्यंत. पुढे चामडं उरलंच नव्हतं. वहिनीने तो हातात घेतला. म्हणाली, "गॅलरीत ठोकत बसायचे. मला वाटायचं चपला दुरुस्त करतायत…"

म्हणजे कळत होतं त्याला. सगळ्यांना काटा दाखवायचा आणि आपण गुपचूप भोकं पाडत बसायचा! घरभर ऐकू जाईल असं मी ओरडले त्या पट्ट्यावर. भीती वाटत होती तर सांगायचंस की रे, दादा. मी आले असते ना बरोबर.