तांदूळ संपले

भारत सरकारला इतक्या अदबीनं वागवणारा दुसरा माणूस आमच्या दिघीत नाही, आणि खाडीपलीकडे आगरदांड्यालाही नसावा. आमच्या हिचे मामा फोन उचलला की आधी म्हणतात, "ऐकणाऱ्या साहेबांना नमस्कार," आणि मगच आपली खुशाली विचारतात. म्हसळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. लाइन जोडता जोडता कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा मुलगा नापास झालाय, हे कानावर पडायचंच. पण त्यातलं अक्षरही त्यांनी घरी मामींना सांगितलं नाही. एखाद्याची लाइन मुद्दाम ऐकायची तर वरून लेखी हुकूम यावा लागे, आणि सही नीट वाचता आली नाही तर मामा तो हुकूम परत पाठवत.

मी हिशेबी माणूस. एकदा त्यांना आकडेमोड करून दाखवली, की देशातले सगळे फोन ऐकायचे तर अर्ध्या देशाला त्याच कामावर बसवावं लागेल. मामा शांतपणे म्हणाले, "आता माणूस लागत न्हाय. आमच्या वेळी लागायचा, म्हणून थोडी लाज होती." पुढे त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्जच केला: माझा फोन ऐकता का, आणि ऐकत असाल तर सही कोणाची? उत्तर आलं, अशी माहिती देता येत नाही. मामांनी पेढे वाटले. 'ऐकत नाही' असं कुठं लिहिलंय, दाखवा, असं पेढ्याबरोबर प्रत्येकाला विचारत होते.

त्यांची एकुलती एक लेक कॅनडात असते. मामी गेल्यापासून घरात ते एकटेच. गेल्या खेपेला लेक आली, तेव्हा तिला फेरीबोटीवर नेऊन, इंजिनाच्या आवाजाच्या आडोशाला, मामांनी खुणेचे शब्द पढवले होते. 'कौलं गळतायत' म्हणजे तब्येत बरी नाही. 'तांदूळ संपले' म्हणजे परत ये. ती हसली होती, आणि तिकडे गेल्यावर विसरली.

यंदा तिच्या नोकरीचा करार वाढवायची वेळ आली. रविवारी तिनं फोनवर सरळ विचारलं, बाबा, आणखी तीन वर्षं राहू की येऊ? मी समोरच बसलो होतो. मामांनी फोनकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तांदूळ संपलेत गं."

चार दिवसांनी टेम्पोतून पंचवीस किलोचं पोतं आलं. लेकीनं ऑनलाइन मागवलेलं, पैसे भरलेले. शेजारच्या वहिनी ओटीवरूनच म्हणाल्या, "भावजी, लेकीनं दुकान घालून दिलान काय?" सगळी आळी हसली. संध्याकाळी लेकीचा निरोप आला, की बाबा 'ये' म्हणाले नाहीत, म्हणून तिनं करारावर सही केली.

मी म्हटलं, मामा, करार मोडता येतो. माझ्या फोनवरून मी सांगतो तिला. पोत्याची शिवण उसवत ते म्हणाले, "चोरीचं काही न्हाय त्यात, जावईबापू. पण पोरीला 'ये' म्हणायचं, ते तिनं एकटीनं ऐकावं."

आता ती सुट्टीवर येईल तेव्हा सांगणार आहेत. सुट्टी कधी, ते तिलाही अजून ठाऊक नाही. तोवर दर रविवारी तिला भात कसा मोकळा होतो ते सांगतात. ती हं म्हणते. भाताचं सांगून संपतं, तरी फोन कोणी ठेवत नाही.