आबांचा डावा गुडघा

आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड बघितलेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आटपाडीच्या पलीकडं आमची वस्ती. आजा, बाप, चुलते, सगळे मेंढरांमागं फिरलेले. मी तेवढा त्या वाटेनं गेलो नाही. सांगलीत खोली घेऊन राहिलो, बीएस्सी झालो, औषधाच्या कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात कैक वर्षं उभा राहिलो आणि शेवटी सांगलीतच स्वतःचं सेंटर काढलं. पाटीवर नाव माझं नाही, पण पाटी माझी आहे.

सेंटर म्हणजे गुडघे, खांदे आणि टाचा. आठवड्यातून दोन दिवस हाडांचे डॉक्टर येतात. पेशंटच्या दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातून जे पिवळसर पाणी निघतं ते दुखऱ्या सांध्यात सोडायचं. झिजलेला सांधा त्यानं स्वतःला सावरायला लागतो, असं त्यामागचं शास्त्र. बाकीच्या दिवशी आयुर्वेदाच्या मॅडम असतात. त्या जळवा लावतात, गरम तेलाचा शेक देतात, आणि अग्निकर्म करतात. अग्निकर्म म्हणजे धातूची काडी तापवून दुखऱ्या जागी चटके द्यायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा सेंटर बघायला आले तेव्हा मॅडमच्या खोलीच्या दारात थांबले.

"ह्यो तर डागच की रं," ते म्हणाले.

"आबा, हे शास्त्रोक्त असतंय."

"मग आमचा काय चोरीचा हुता?"

मॅडम हसल्या. मी नाही हसलो. लहानपणी पोट फुगलं म्हणून माझ्याही पोटावर असाच डाग दिलेला आहे. कॉलेजात असताना चारचौघांत बनियन काढायला मी लाजायचो. आता त्याच चटक्याला मी एसी लावलाय.

आबांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. आयुष्यभर चालून झिजलेले. माळावर बसले की उठताना काठीला दोन्ही हातांनी धरायचे. मी सेंटर काढून इतक्या लोकांना इंजेक्शनं दिली, पण घरचा माणूस मात्र लंगडतच होता. लोक काय म्हणत असतील ते म्हणोत, मलाच ते टोचायचं. शेवटी एकदा दिवाळी झाल्यावर त्यांना हट्टानं घेऊन आलो. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, दोन्ही सारखेच आहेत, दोन्हींना एकदमच देऊ.

"उजव्याला द्या," आबा म्हणाले. "डावा ऱ्हाऊ दे."

"आवं आबा, एकाच खर्चात दोन्ही हुतंय. आपलंच सेंटर हाय."

"डावा ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं."

"सुईला भ्यालासा व्हय?"

"व्हय, भ्यालो," आबा म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळालेला माणूस सुईला भ्याला, हे मी घरी जाऊन बायकोला हसून सांगितलं. ती म्हणाली, म्हातारी माणसं असतात तशी. मलाही तेच वाटलं.

इंजेक्शननंतर डॉक्टरांनी दीड महिना मेंढरांमागं जायचं बंद केलं. चुलत्यानं कळप सांभाळला. आबा डाळिंबाच्या बागेत खुर्ची टाकून बसले. शिवाय सेंटरमधल्या पोरीनं एक व्यायाम शिकवला : पाय लांब करून बसायचं, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. सकाळी आणि संध्याकाळी.

मी दर आठवड्याला फोन करायचो.

"उजवा कसा हाय?"

"बरा हाय."

"बरा म्हंजी किती?"

"लय बरा हाय."

तिसऱ्या आठवड्यात ते काठीशिवाय परसाकडं जाऊन आले. दुसऱ्या महिन्यात माळ चढून गेले. मी लगेच फ्लेक्स छापून घेतला. आबा फेटा बांधून उभे, मागं मेंढरं, आणि वर मोठ्या अक्षरात ‘पुन्हा माळावर’. सेंटरच्या दाराशी तो लावला आणि कुणी विचारलं की सांगायचो, हे आमचे वडील. छाती भरून यायची, खोटं कशाला बोलू.

तो फ्लेक्स बघून एक सुभेदार आत आले. पाटणकडचे, फौजेतून रिटायर झालेले, घरी ऊस. त्यांचे दोन्ही गुडघे आबांसारखेच होते. एका मोठ्या दवाखान्यात त्यांना सांधा बदलायला सांगितलं होतं, आणि घरचे ऑपरेशनची तारीख घ्यायच्या मागं लागले होते.

"साहेब, तुमच्या वडलांना मला भेटवा," ते म्हणाले. "फ्लेक्सवर काय, कुणीपण हसतंय. मी त्यांचा पाय बघणार, आणि मग ठरवणार. ऑपरेशन का इंजेक्शन."

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात पाटणला आपलं शिबिर आहे, वडलांनाच घेऊन येतो.

शिबिराच्या आधी दोन दिवस आबांची तीन महिन्यांची तपासणी होती. डॉक्टरांपुढं एक कागद असतो. दुखणं दहापैकी किती, असं त्यावर लिहायचं असतं. पहिल्या वेळेला आबांनी आठ सांगितलं होतं.

"आता किती, आबा?"

"तीन."

डॉक्टरांनी लिहिलं, माझ्याकडं बघून मान हलवली. मी फोन काढून फोटो घेतला.

"आता डाव्याचं लिव्हा," आबा म्हणाले.

"डाव्याला आपण काही दिलेलं नाही."

"म्हणूनच लिव्हा."

डॉक्टरांनी पेन तसंच धरलं. "बरं, डावा किती?"

"तीन."

"आधी किती होता?"

"आठ. दोन्ही सारखंच हुतं, तुमीच तर म्हटलासा."

डॉक्टरांनी डावा गुडघा वाकवून बघितला, दाबून बघितला. मग उजवा. मग परत डावा. मी विचारलं, "आबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू कवा इचारलंस? उजवा कसा, उजवा कसा, एवढंच चाललेलं."

मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मला नाही. "कसं असतंय डॉक्टर, नवीन औषध घिऊन कोण आला की आमी सगळ्या कळपाला पाजत न्हाई. निम्म्यांच्या पाठीवर लाल ठिपका द्यायचा, त्यास्नी पाजायचं. बाकीची तशीच. चरायला एकाच माळावर, पाणी एकाच तळ्याचं. म्हयन्यानं बघायचं. ठिपक्याची तेवढी टवटवीत झाली, तर औषध खरं. सगळीच झाली, तर पाऊस चांगला झालाय म्हणायचं."

डॉक्टर खळखळून हसले. मला कॉलेजातल्या कुंड्या आठवल्या. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्ही हरभऱ्याची रोपं लावायचो, एका कुंडीला खत आणि एक कुंडी कोरी. त्या कोऱ्या कुंडीला कंट्रोल म्हणतात. जर्नलमध्ये त्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते. आणि चार वर्षं मी गुडघ्याला इंजेक्शन देतोय, पण कोरी कुंडी एकदाही ठेवली नाही.

डॉक्टर माणूस सरळ. ते म्हणाले, "असं होतं. उजवा सुधारला की डाव्यावरचा भार कमी होतो, मग तोही सुधारतो. किंवा विश्रांतीमुळं असेल. व्यायाम दोन्हींचा केला का?"

"एका पायाचा करताना लाज वाटायची," आबा म्हणाले. "येड्यावानी दिसायचं. दोन्हींचा केला."

"मग व्यायामामुळंही असेल. थंडीही सरली. एका माणसावरून काही ठरवता येत नाही. इंजेक्शननं गुण आलेले पेशंट मी बघितलेत, न आलेलेही बघितलेत."

भार कमी झाला हे मला पटलं. दोन दिवस मी तेच धरून बसलो. अंघोळ करताना, जेवताना, मनात तेच : उजवा सुधारला म्हणून डावा सुधारला. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, डावा सुधारला म्हणून उजवा सुधारला असं का नाही? ज्या पायाला काही दिलं नाही, त्याला गुण कशाचा म्हणायचा? आणि गुण आलेले इतके लोक दिवाळीला पेढे घेऊन येतात, त्यांना काय म्हणायचं? त्यांना कुणाला मी दुसऱ्या पायाचं विचारलेलं नव्हतं.

पाटणला जाताना गाडीत मी आणि आबा दोघंच. कराड मागं पडल्यावर मी विषय काढला.

"आबा, सुभेदार इचारतील. तुमी उजव्याचंच बोला. ते खोटं न्हाई."

"खोटं न्हाई."

"मग?"

"इचारलं तेवढं सांगीन."

"आणि डाव्याचं इचारलं तर?"

"तर डाव्याचं सांगीन. तुला काय वाटतंय, गुण इंजेक्शनचा का न्हाई?"

मी गिअर बदलला. म्हणालो, "ठाऊक न्हाई."

"आरं, मला पण ठाऊक न्हाई," आबा म्हणाले. "कळपात आमी एकच गोष्ट बदलतो. हितं तुमी चार बदलली. इंजेक्शन, खुर्ची, टॉवेल, आन् वर थंडी सरली. कसं कळायचं?"

मला राग आला, आणि तो कुणावर आला ते कळेना. शिकलेला मी होतो.

समाजमंदिरात पंधरावीस माणसं होती. सुभेदार पहिल्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी नेहमीचं बोललो. तुमचंच रक्त, तुमचंच औषध. हे मी झोपेतही बोलू शकतो. मग सुभेदार उठले. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांनी आबांना रामराम घातला आणि विचारलं, "आण्णा, इंजेक्शननं गुण आला का? हो का नाही, एवढंच सांगा. सोमवारी मला ऑपरेशनची तारीख कळवायची आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि त्यांनी दिलेलं उत्तर त्यांचं राहिलं असतं. म्हातारं माणूस आहे, त्यांच्या समजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून मला निसटता आलं असतं. म्हणून मीच बोललो. उजवा आणि डावा दोन्हींचं सांगितलं. ठिपक्याच्या मेंढरांचंही सांगितलं.

मागचा एकजण म्हणाला, "मग इंजेक्शन कशाला द्यायचं?"

"काहींना त्यानं बरं वाटतं," मी म्हणालो. "आमच्या वडलांना कशानं वाटलं ते मला सांगता येत नाही."

सुभेदारांचा चेहरा तांबडा झाला. "साहेब, हे सांगायला सांगलीपासनं आलात? मी काय करू? सोमवारी काय सांगू दवाखान्यात?"

मी म्हणालो, "सुभेदार, सांधा किती गेलाय त्यावर आहे. तुमच्या डॉक्टरना विचारा, दीड महिना थांबलं तर चालतंय का. चालत असलं तर तेवढे दिवस वडलांनी केला तो व्यायाम करा. इंजेक्शन आत्ता नको. त्यानंही नाही जमलं, तर ऑपरेशनला मी स्वतः येतो सोबत."

"आणि त्यानंच जमलं तर?"

"तर आमच्याकडं यायचं कारणच नाही."

हे बोलताना मी काय बोलतोय ते मलाच नीट उमगत नव्हतं. आबा तोवर सतरंजीवर बसले होते, पाय लांब करून. खांद्यावरच्या टॉवेलची गुंडाळी करून त्यांनी गुडघ्याखाली सारली. "या हिकडं," ते सुभेदारांना म्हणाले. "दोन्ही पायांचा करायचा. एका पायाचा करताना माणूस येडं दिसतंय."

सुभेदार खुर्ची धरून हळूहळू खाली बसले. फौजेतल्यासारखं मोठ्यानं, हिंदीत, एक ते दहा मोजायला लागले. चारपाच जण खुर्च्या सरकवून पुढं आले. त्या दिवशी शिबिरात एकही इंजेक्शन ठरलं नाही.

सोमवारी सुभेदारांचा फोन आला. त्यांच्या डॉक्टरांनी थांबायला हरकत नाही म्हटलंय, दीड महिन्यानं परत कळवतो, एवढंच बोलले. त्याला आता महिना होऊन गेला. फ्लेक्स मी उतरवला नाही आणि त्याच्याकडं बोटही दाखवत नाही. नवा पेशंट आला की पोरीला सांगतो, दोन्ही पायांचं लिहून घे. फोन वाजला की आधी नंबर बघतो. सुभेदारांचे गुडघे बरे झालेले असावेत असं मनापासून वाटतं. आणि त्याच वेळेला, अगदी त्याच वेळेला, नसावेत असंही वाटतं. माझ्या सेंटरच्या दारात उभं राहून मी दोन्ही कसं मागतोय, ते मला कळत नाही.