मानेखालचा हात

लेकराचा चौथा महिना सरला की वऱ्हाडात जो भेटेल तो एकच विचारतो, मान धरली का? दात, रांगणं, बोलणं यांना लोक थोडी मुदत देतात. मानेला देत नाहीत. माझी मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा आई अकोल्याहून रोज सकाळी फोन करायची आणि बाकी काही विचारायच्या आधी हेच विचारायची. "धरली का वं मान?" मी सांगायचे, "धरून राहिली हळूहळू." फोन ठेवायचे आणि डावा हात पुन्हा तिच्या मानेखाली घालायचे.

खरं तर तो हात मी काढतच नव्हते. पाजताना, न्हाऊ घालताना, झोपवताना माझा डावा तळवा तिच्या मानेला लागलेलाच. मी एका हातानं जेवायचे, भाकर सासूबाई मोडून द्यायच्या. मनगट सुजलं, त्याला पट्टा बांधला आणि पट्ट्यासकट हात पुन्हा तिथंच. सासूबाई अमरावतीला आमच्याजवळच राहतात. एकदा त्या म्हणाल्या, "अवं, खाली टाक तिले जराशी. जमीन काही खाऊन नाही राहिली." मी त्यांच्यावर इतकी खेकसले की दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा स्वभाव तसाही तिखट आहे. शाळेत गणित शिकवते, मुलं माझ्या मागे मला मिरची म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ते माहीत नाही. पण ते खेकसणं स्वभावातलं नव्हतं. मी घाबरलेली होते.

नवरा काही बोलायचा नाही. हिच्या आधी आमचा एक मुलगा गेला होता, त्यामुळं मला बोलायची त्याला चोरी वाटायची. मुलगा गेला हे त्याला माहीत होतं. कसा गेला हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

तो माहेरी झाला, अकोल्याला, जुन्या शहरात. आमच्या गल्लीत लेकरांना मालिश करायला एकच बाई यायची. मी तिला मावशी म्हणायचे. उंच, काटक, बोलायला फटकळ. भिंतीला टेकून पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि कोमट तेलानं असं चोळायची की तो रडता रडता झोपून जायचा. शेवटी दोन्ही तळवे त्याच्या कानांमागे लावून ती त्याला वर उचलायची, एका श्वासापुरतं. आई डोळ्यांवर पदर घ्यायची. मावशी हसायची. "भिऊ नको वं माय. मानेले आत्ताच जोर आला पाहिजे. माह्या हातची पोट्टी पाहा, बैलावानी माना हायेत एकेकाच्या." असं उचलणं चूकच. कोणताही डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावेल. पण त्या उचलण्यानं माझ्या मुलाला काही झालं नव्हतं, हे मी इथं आधीच लिहून ठेवते.

तो अडीच महिन्यांचा होता. पोटात वायू धरायचा आणि उताणा ठेवला की रडायचा. पालथा घातला की शांत होऊन झोपायचा. हा शोध माझा होता आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. आई ओरडेल म्हणून तिला मी सांगितलं नव्हतं. माझ्या बाळंतपणासाठी तिनं नव्या कापसाची गादी भरून घेतली होती, इतकी मऊ की हात टेकला की मनगटापर्यंत आत जायचा. त्या दुपारी त्याला त्या गादीवर पालथा झोपवून मी डोक्यावरून अंघोळ करायला गेले. किती दिवसांनी निवांत पाणी घेतलं. परत आले तेव्हा तो ठेवला होता तसाच होता. मी त्याला उताणा केला. गालावर गादीच्या शिवणीची रेघ उमटली होती. आईला हाक मारायच्या आधी मी ती रेघ अंगठ्यानं चोळली. बराच वेळ चोळली. मग ओरडले.

दवाखान्यात नेलं, पण तिथं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. संध्याकाळी घरात बायका जमल्या. समोरच्या घरची म्हातारी म्हणाली, "सकाळीच त्या मालिशवालीनं मान धरून उचललं होतं ना त्याले?" आई माझ्याकडं बघायला लागली, मग सगळ्याच बघायला लागल्या. मी गप्प राहिले. मी 'हो' म्हटलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि त्याला काही अर्थ नाही. आठ दिवसांत गल्लीतल्या एकाही घरानं मावशीला बोलावलं नाही. ती एकदा भेटायला आली. आईनं तिला ओसरीवरूनच वाटेल ते बोलून परत पाठवलं. मी आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. मावशी उलट एक शब्द बोलली नाही, आणि ती तर कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती.

तेव्हापासून मुलगा माझ्यासोबतच आहे, पण पालथा. त्याचा चेहरा मला आठवायचा नाही, पाठमोरं डोकंच दिसायचं. वर्गात कोणी बाकावर डोकं टेकवलं की मी हातातला खडू टाकून धावायचे आणि खांद्याला धरून त्याला सरळ करायचे. मुलांना वाटायचं बाई शिस्तीच्या कडक आहेत. मुख्याध्यापकांनी एकदा त्याबद्दल सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

मुलगी झाली ती सहा वर्षांनी, अमरावतीला. मालिशवाली लावू दिली नाही, मऊ गादी घरात ठेवली नाही, पालथं तर क्षणभरही घातलं नाही. हे सगळं करून मी तिची मान सांभाळते आहे असं मला वाटत होतं. पाचव्या महिन्यात मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. ती माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची पोर. तिनं मुलीला टेबलावर उताणी ठेवली, दोन्ही हात धरून हळूच बसती केली. मुलीचं डोकं मागं लोंबत राहिलं.

"पोटावर टाकता का हिला?"

"टाकते कधी कधी."

तिनं मला समजावून सांगितलं. मान मालिश करून घट्ट होत नाही, ओढून तर नाहीच. लेकरानं ती स्वतः उचलली तरच होते. जागी असताना पालथं घालायचं, दूध पिऊन बराच वेळ झाल्यावर, सतरंजीवर, गादीवर नाही. सुरुवातीला मिनिटभर पुरे, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. आपणही समोर पालथं झोपायचं, म्हणजे आपलं तोंड बघायला ती डोकं उचलते. थकून रडली की लगेच घ्यायचं. तिच्यावरची नजर काढायची नाही. "आणि झोपवताना मात्र कायम उताणी," ती फाईलमध्ये लिहिता लिहिता म्हणाली. तिच्यासाठी ते रोजचंच वाक्य होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

तिनं एक तक्ता दिला. पंधरा दिवस, रोज चार चौकटी, केलं की खूण करायची. घरी मी सतरंजी अंथरायचे, मुलीला उताणी ठेवायचे आणि पुढं हात चालायचे नाहीत. पाठमोरं डोकं दिसायला लागायचं. पंधराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी सगळ्या चौकटी भरून टाकल्या.

मी गृहपाठाच्या वह्या तपासते. आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेलं मला लांबूनही ओळखू येतं. त्या दिवशी नवऱ्यासोबत दाखवायला गेले तेव्हा त्या पोरीनंही ते ओळखलं असावं, कारण तक्ता तिनं बराच वेळ बघितला. मुलीला पुन्हा बसती केली, डोकं पुन्हा मागं गेलं. "रोज चार वेळा करूनही फरक नसेल," ती म्हणाली, "तर मग मेंदूची तपासणी करावी लागेल. त्यासाठी हिला औषध देऊन झोपवतील. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते." तिनं पेन उघडलं. शेजारी नवरा फाईल घेऊन उभा होता.

मी परत गप्प बसले होते आणि परत ते दुसऱ्याच्या अंगावर येणार होतं. या वेळी माझ्याच पोरीच्या.

"लिहू नका," मी म्हटलं. "मी एकदाही टाकलं नाही तिला पोटावर." आणि मग समोरच्या भिंतीकडं बघत बाकीचंही सांगितलं. गादी, अंघोळ, गालावरची रेघ, मावशी. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सहा वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंसं होतं. नवरा स्टुलावर बसला. त्या पोरीनं पेन बंद केलं आणि म्हणाली, "त्याच्यामुळंच झालं, असं खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही. पण मऊ गादीवर पालथं झोपवणं धोक्याचं असतं, हे खरं आहे." तिनं माझी खोटी समजूत घातली नाही, याचे मी तिचे उपकार मानते. चिठ्ठी तिनं पंधरा दिवस थांबवली.

आम्ही घरी आलो. गाडी लावून नवरा पायरीवर बसला. "सगळ्यांनी त्या बाईले शिव्या दिल्या," तो म्हणाला. "मीबी दिल्या." एवढंच. मग उठून आत गेला आणि त्यानंच सतरंजी अंथरली.

त्या दिवशी मुलीला पालथं त्यानं घातलं, मी समोर तिच्याएवढी खाली होऊन झोपले. तिनं नाक जमिनीला लावलं. मी मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. अकरावर मला राहवलं नाही, मी तिला ओढून उचललं. गालावर सतरंजीच्या विणीचे वळ उठले होते. माझा अंगठा तिथं गेलासुद्धा, मी चोळायला लागले होते. मग ते माझ्या ध्यानात आलं आणि मी हात मागं घेतला. ती माझ्याकडं बघून लाळ गाळत हसत होती, आणि बघता बघता वळ आपोआप गेले. जिवंत गालावरची रेघ आपोआप जाते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वीस आकडे झाले, मग तीस. कधी ती रडायची, कधी मी. दहाव्या दिवशी तिचं डोकं लटलटत वर आलं आणि तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. मला आनंद व्हायला हवा होता. मला तिच्या चेहऱ्यात मुलाचा चेहरा दिसला, समोरून, सहा वर्षांत पहिल्यांदा. मी रडले ते त्यासाठी. चिठ्ठीची गरज पडली नाही. सातवा महिना लागेपर्यंत मुलीनं मान धरली आणि ज्याच्या कडेवर असेल त्याच्या खांद्यावरून सगळ्या घरावर नजर ठेवायला लागली.

मी आईला फोन केला. आई खूप खूश झाली. मग म्हणाली, "बरं केलं त्या बाईचा हात नाही लागू देला ते."

त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन अकोल्याला गेले. घरी जायच्या आधी मावशीचं घर शोधलं. ती उंबऱ्यात बसून एका खानावळीसाठी लसूण सोलत होती, बाजूला सालींचा ढीग. तिनं मला ओळखलं आणि दोन्ही हात लुगड्याच्या ओच्यात घेतले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसायची माझी लायकी नव्हती.

तिनं सगळं ऐकलं. "पालथा होता?"

"हो."

"त्या कापसाच्या गादीवर?"

"हो, मावशी."

"मंग माह्या हातानं नाही गेला?"

"नाही. तुमच्या हातानं नाही."

मला वाटत होतं तिला खरं काय ते माहीत असेल. तिच्यावर खोटा आळ आला, ती माझ्यावर चिडलेली असेल, मला शिव्या देईल. त्याची तयारी करून मी आले होते. ती म्हणाली, "मी तं समजून राहिली होती का माह्याच हातानं गेला. मले वाटे, त्या दिवशी जोर जास्त झाला असन." तिनं ओच्यातून हात काढले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. "माही नात चार वर्साची झाली. जन्मली तवापासून मी तिले उचललं नाही. सून म्हणे, घ्या ना वं आत्या. मी म्हणो, माही कंबर दुखते."

मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागं ओढले. "पाया नको पडू. मले काय करायचं तुह्या पाया पडण्याचं? तुह्या आईले सांग. चाल, मी हाये संगं."

ती पुढं आणि मुलीला घेऊन मी मागं. आई ओसरीवर बसली होती. मला बघून उठली आणि माझ्या पुढं मावशी दिसली तशी तिथंच थांबली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आई, त्याले त्या दिवशी पालथं मी निजवलं होतं. मावशीनं काही नाही केलं." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"मोठ्यानं सांग," मावशी म्हणाली. "समोरच्या घरी आयकू गेलं पाहिजे."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.